तीस टक्के पाऊस

परीक्षेत तीस टक्के म्हणजे काय, हे हॉस्टेलवासीयांना मी सांगायला नको! चाळीसला पासिंग, तेव्हा तीस म्हणजे सरळ केटी. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी दादाकडे सिएटलला गेलो होतो. शनिवारच्या हवामान अंदाजात 'पावसाची शक्यता ३० टक्के' असं वाचलं आणि याच हिशेबानं मी पावसाला नापास करून मोकळा झालो. वर्गात एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी शिकवणाऱ्या माणसानं असं करावं, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट. असो.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं, साधारण ४७.६ अंश उत्तर अक्षांशावरचं शहर. पावसाळी म्हणून जगभर बदनाम. पण आकडे पाहिले तर आपल्याला हसू येईल. तिथला वर्षाचा पाऊस सुमारे १००० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता, म्हणजे सिएटलचं जवळजवळ वर्षभराचं रेशन! फरक हा, की तिथं तो वर्षातल्या दीडशेच्या वर दिवसांत वाटून येतो. भुरभुर, थांबला, ऊन, परत भुरभुर. एप्रिलमध्ये महिनाभरात जेमतेम ८० मिलिमीटर, दुपारचं तापमान १५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे कुणी छत्रीसुद्धा उघडणार नाही.

या भागाचं हवामान डोंगर ठरवतात. समुद्र आणि शहर यांच्यामध्ये ऑलिंपिक पर्वत उभा आहे, सर्वांत उंच शिखर २४३२ मीटर. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा त्यावर चढते, थंड होते आणि पश्चिम उतारावर रिकामी होते. तिथल्या 'हो' नावाच्या वर्षावनात ३५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पर्वतापलीकडच्या सेक्विम गावात जेमतेम ४००. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. महाबळेश्वर आणि वाई डोळ्यांसमोर आणा, झालं काम. मात्र आपला पर्जन्यछायेचा धडा इथं संपतो आणि तिथला पुढे चालू राहतो. कारण सगळी हवा काही डोंगर चढत नाही. बरीचशी वळसा घालते. एक प्रवाह उत्तरेच्या सामुद्रधुनीतून, दुसरा दक्षिणेच्या खिंडीतून आत शिरतो आणि दोघांची टक्कर होते पर्वतामागे, प्युजेट साउंड या खाडीवर, बहुतेकदा सिएटलच्या थोडं उत्तरेला. समोरासमोर आलेल्या हवेला जायला जागा एकच, वर! मग तिथं ढगांचा एक अरुंद पट्टा उभा राहतो. त्याला 'कन्व्हर्जन्स झोन' म्हणतात. पट्ट्याखाली धो धो, आणि अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर लख्ख ऊन. हा प्रकार सर्वांत जास्त वसंतात दिसतो.

वसंत तसाही अंदाजवाल्यांचा वैरी. ऊन आता कडक झालेलं असतं, जमीन तापते, पण वरची हवा अजून हिवाळ्याइतकीच गार. खाली गरम, वर थंड, म्हणजे थर्मोमध्ये शिकलो तीच अस्थिरता. दुपारी जागोजागी ढग फुगतात, सर येते, कधी बारीक गारा, आणि वीस मिनिटांत आकाश मोकळं. तिथल्या अंदाजात 'पाऊस' आणि 'सरी' हे दोन वेगळे शब्द असतात ते यामुळेच. पाऊस म्हणजे सगळ्यांवर, सलग. सरी म्हणजे कुणावर तरी, अधूनमधून.

शिवाय वारा येतो समुद्राकडून आणि समुद्रात वेधशाळा नाहीत. उपग्रह आणि तरंगते बॉय आहेत, पण रडारची गंमत ऐका. जवळचं रडार कमेनो बेटावर, आणि पश्चिमेला त्याच्या किरणांच्या वाटेत हाच ऑलिंपिक! ज्या दिशेनं वादळ येणार नेमकी तीच दिशा आंधळी. क्लिफ मास नावाचे तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक वर्षानुवर्षं याच्या मागे लागले होते, सिनेटर मारिया कँटवेल यांनी पैशांसाठी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०११ मध्ये किनाऱ्यावर लँगली हिल इथं नवं रडार बसलं.

आता ते ३० टक्के. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या अशी: अंदाजाच्या मुदतीत, दिलेल्या जागी निदान ०.०१ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता. ती शिकवताना एक गुणाकार सांगतात. भागात कुठे तरी पाऊस पडेल याची खात्री किती, गुणिले पडलाच तर किती भाग भिजेल. खात्री ६० टक्के आणि निम्मा भाग भिजणार, तर उत्तर ३०. आणि खात्री पूर्ण १०० टक्के, पण भाग फक्त ३० टक्के भिजणार, तरी उत्तर ३०च! वसंतातल्या सरींचा दिवस बहुधा या दुसऱ्या जातीचा. पाऊस पडणारच आहे, प्रश्न फक्त कुणाच्या डोक्यावर. मी अंदाजात हे शोधायलाच हवं होतं. ओळी साधारण अशा होत्या: शुक्रवारी फ्रंट सरकेल, शनिवारी सरी आणि मधूनमधून ऊन, कन्व्हर्जन्स झोन संभवतो, डोंगरात २५०० फुटांवर बर्फ. मी वाचला तो फक्त आकडा.

आम्ही माउंट सायला गेलो. पाऊण तासाचा ड्राइव्ह, माथा सुमारे ४१६० फूट, म्हणजे बर्फाच्या पातळीच्या बराच वर. शिवाय तो कॅस्केड पर्वताच्या पायथ्याला, जिथं हवा पुन्हा चढायला लागते. शहराचे ३० तिथं ३० राहत नाहीत. पार्किंगमध्ये ऊन होतं. माझ्या अंगात जीन्स आणि सुती स्वेटशर्ट. अर्ध्या वाटेवर सर आली, मग गारा, मग भुरभुर बर्फ. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट जोरात उष्णता वाहून नेतं, आणि भिजलेला सुती कपडा म्हणजे अंगाला गुंडाळलेलं पाणीच. पंधरा मिनिटांत बोटांनी बाटलीचं झाकण उघडेना. दादा म्हणाला, ''नीट बोल, काय पुटपुटतोयस?'' मला वाटत होतं मी नीटच बोलतोय! शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरलं की हायपोथर्मिया. बोटं न चालणं आणि जीभ अडखळणं ही त्याची सुरुवातीची खूण, हे मला दादानं गाडीत हीटर लावल्यावर सांगितलं. माथा गाठायचा हट्ट मी धरला होता. त्यानं ऐकला नाही म्हणून बरं.

घरी आल्यावर कागदावर हिशेब मांडला. खबरदारीचा खर्च भागिले होणारं नुकसान, हे गुणोत्तर शक्यतेपेक्षा कमी असेल तर खबरदारी घ्यायची. दोरीवर कपडे वाळत घालायचे असतील तर ३० टक्क्यांना घालून टाका, भिजले तर परत वाळतील. जॅकेटचं ओझं मी १ धरलं आणि त्या दिवशीचं नुकसान, फार सौम्यपणे, २०. उत्तर आलं ५ टक्के. म्हणजे शक्यता ६ टक्के असती तरी जॅकेट घ्यायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी अंदाज २० टक्क्यांचा होता. वहिनींनी न विचारता तीन जॅकेटं गाडीत टाकली. दिवसभर कडकडीत ऊन पडलं आणि दादा ते ओझं वाहताना सगळ्या वाटेवर माझ्या नावानं कुरकुरत होता.