तेलगळतीचा शोध

पंचायत समितीची जीप, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका किंवा शाळेची बस रात्रभर उभी राहिली आणि सकाळी तिच्याखाली काळा डाग आढळला, तर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. चालक दर आठवड्यास थोडे तेल ओतून वेळ मारून नेतो. नाही तर वाहन दुरुस्तीस जाते आणि जेथून थेंब पडतो त्याच जागेचे सील बदलून परत येते. पंधरवड्यात डाग पुन्हा दिसू लागतो. दोन्ही प्रकारांत सार्वजनिक पैसा खर्ची पडतो आणि गळतीचे मूळ जागच्या जागी राहते.

थेंबांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तेलाचे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. इंजिन चालू असताना दर दोन सेकंदांस एक थेंब गळत असेल, तर तासाला ९० मिलिलिटर तेल जाते. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने ५०० किलोमीटर प्रवास झाला की १ लिटरहून अधिक तेल नाहीसे होते. अनेक मोटारींच्या डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमध्ये जवळपास एवढ्याच तेलाचा फरक असतो. म्हणजे गगनबावड्याच्या वाटेवर रुग्ण घेऊन चढणारी गाडी तेलाअभावी अडकण्याचा धोका या क्षुल्लक वाटणाऱ्या थेंबात आहे. तेल तापलेल्या एक्झॉस्ट नळीवर पडत असेल तर आगीचे भय निराळेच.

थेंब जेथे पडतो तेथे गळती असतेच असे नाही, पुष्कळदा नसते. तेल उंचावरून ओघळते, कडेकडेने वाहते, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी सर्वांत खालच्या टोकावरून टपकते. त्यावर धूळ बसून जाड थर झाला की सारे इंजिन सारखेच काळे दिसते. अशा इंजिनात गळती शोधणे म्हणजे अंदाज बांधणे होय. म्हणून आधी इंजिन स्वच्छ करावयाचे आणि मग पाहावयाचे.

ही रीत कोल्हापूरच्या कारागिरांना नवी नाही. शेतीला पाणी देणारी तेल-इंजिने या शहराने स्वतः घडविली. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री ही नावे येथील यंत्रोद्योगाच्या प्रारंभकाळाशी जोडलेली आहेत. शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांमागून शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील वसाहती उभ्या राहिल्या आणि वाहनांचे ओतीव भाग येथून देशभर जाऊ लागले. ओतकामात बारीक भेग शोधण्याची एक जुनी परीक्षा आहे. भाग स्वच्छ करून त्याच्या एका बाजूस रॉकेल लावतात आणि दुसऱ्या बाजूस खडूच्या पुडीचा लेप देतात. भेग आरपार असेल तेथे रॉकेल झिरपून पांढऱ्या लेपावर ओली रेघ उमटते. मोटारीच्या इंजिनाची तपासणीही याच तत्त्वावर चालते.

धुण्याची रीत

पाणी मारण्यापूर्वी इंजिन आहे तसे नीट पाहून घ्यावे, कारण धुतल्यावर हा पुरावा नाहीसा होतो. धुळीने माखलेला कोरडा थर जुन्या गळतीचा असतो. चकचकीत ओला भाग ताज्या गळतीचा. गळणारा द्रव इंजिन ऑईलच आहे याचीही खात्री करावी. गिअरचे तेल दाट व उग्र वासाचे असते, पॉवर स्टिअरिंगचे पुष्कळदा तांबूस, ब्रेकचे पातळ व फिकट. ब्रेकचे तेल गळत असल्याचे दिसल्यास इतर सर्व बाजूला ठेवून वाहन जागीच थांबवावे.

इंजिन थंड झालेले असावे. बॅटरीची ऋण तार सोडावी. अल्टरनेटर, हवा आत घेण्याचे तोंड, फ्यूजची पेटी आणि नव्या वाहनांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. खाली पसरट पत्र्याचे भांडे ठेवून घट्ट थर लाकडी पट्टीने खरवडावा व चिंध्यांनी पुसून काढावा. मळ असा कोरडाच निघेल तितका पुढचा ताप कमी. उरलेल्या भागास रॉकेल, डिझेल किंवा पाण्यात मिसळणारे ग्रीसनाशक द्रावण ब्रशने लावावे. पेट्रोल कदापि वापरू नये. रबरी नळ्या व पट्टे रॉकेलात भिजू देऊ नयेत, रबर फुगते. शेवटी मंद धारेने धुऊन इंजिन पूर्ण वाळवावे. सर्व्हिसिंग केंद्रातील दाबाचा फवारा झटपट काम करतो हे खरे, पण तो सीलमधून आणि विजेच्या जोडांमधून पाणी आत घुसवतो.

२०१९ व २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेल्या वाहनांनी एक वेगळा धडा दिला. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसल्यास आत पाणी मिसळले आहे असे समजावे व इंजिन सुरूच करू नये.

पाहण्याची रीत

तेलाची पातळी पुरी करून, पिशव्या सोडून, इंजिन १० ते १५ मिनिटे जागेवर चालवावे व विजेरीने वरून खाली पाहत यावे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या दाबाचा स्विच, ऑईल फिल्टर, पुढील क्रँक सील, चेंबरचे पॅकिंग आणि निचरा बोल्टचा वॉशर या नेहमीच्या जागा. फिल्टर बदलताना जुनी रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आणि तीवर नवी बसली, तरी तेल गळते. काहीच न दिसल्यास संशयित भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि १५-२० किलोमीटर जाऊन यावे. पांढऱ्या पुडीवर जो सर्वांत वरचा डाग दिसेल, तेथे शोध थांबतो. काही कार्यशाळा तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या किरणांच्या विजेरीने पाहतात. पण पावडरीने बहुतेक वेळा काम भागते.

सर्वांत महाग चूक मागील क्रँक सीलच्या बाबतीत होते. इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकताना दिसले की हे सील गेले, असा निर्णय तत्काळ दिला जातो. ते बदलण्यास सामान्यतः गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वस्तुतः टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यातून निघालेले तेलही इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमके त्याच सांध्यावर येते. त्याचे पॅकिंग बदलणे त्या मानाने किरकोळ काम आहे. म्हणून गिअरबॉक्स उतरविण्याच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी इंजिन धुऊन, पावडर टाकून पाहिले होते काय, एवढे अधिकाऱ्याने अवश्य विचारावे. त्यासाठी यंत्रशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

एकाच वेळी तीन-चार जागी तेल झिरपत असेल तर सीलांना दोष देण्याआधी ब्रीदरची नळी पाहावी. ती तुंबली की इंजिनात दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. मग नवी सीलेही टिकत नाहीत. चेंबरचे बोल्ट करकचून आवळण्याची सवयही अशीच घातक. पत्रा वाकतो, पॅकिंग चेपून बाहेर येते आणि गळती वाढते.

राहता राहिले भांड्यात साठलेले काळे पाणी. ते गटारात ओतले तर शहरात ते नाल्यांवाटे पंचगंगेला मिळते आणि तिच्या पाण्याबरोबर नृसिंहवाडीपर्यंत जाते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या धोकादायक अपशिष्टविषयक नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. निथळलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचविण्याची व्यवस्था करावी. तेलकट चिंध्याही वेगळ्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि घंटागाडीच्या कचऱ्यात मिसळू नयेत.