सौरज्वाला : संज्ञा आणि क्रियापदे

जामबागेत मराठी मुलांना विज्ञान शिकवताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : सौरज्वालेत जळते काय? उत्तर आहे, काहीच जळत नाही. ‘सौरज्वाला’ ही संज्ञा रूढ आहे आणि ती बदलावी असे मी म्हणत नाही. मात्र ती दिसण्यावरून पडली आहे. ऊर्जा येते कुठून आणि जाते कुठे, हे तीतून कळत नाही. ते सांगण्याचे काम क्रियापदांकडे द्यावे, असे माझे मत आहे.

पहिले क्रियापद ‘साठणे’. सौरडागांच्या परिसरातील चुंबकीय क्षेत्ररेषा पृष्ठभागाखालील वायूच्या हालचालींमुळे पिळल्या जातात आणि त्या पिळात ऊर्जा साठते.

दुसरे ‘सुटणे’. विरुद्ध दिशांच्या रेषा जवळ येऊन तुटतात व नव्याने जोडल्या जातात. हीच चुंबकीय पुनर्जोडणी. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. येथे सुंभ जळतच नाही, पीळ मात्र सुटतो. मोठ्या ज्वालेत एकावर पंचवीस शून्ये इतके ज्यूल ऊर्जा अशी मोकळी होते.

तिसरे ‘आदळणे’. या ऊर्जेचा काही भाग घेऊन वेगवान इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांवरून खाली येतात, वर्णगोलातील दाट वायूवर आदळतात आणि तेथून तीव्र क्ष-किरण निघतात.

चौथे ‘चढणे’. तापलेला वायू कोटीभर अंशांपर्यंत पोहोचून कमानींतून वर किरीटात चढतो. इंग्रजी संज्ञेवरून याला ‘बाष्पीभवन’ म्हटले, तर विद्यार्थी पाण्याची वाफ डोळ्यांपुढे आणतो. ‘तापून वर चढणे’ एवढेच पुरे.

ही वरखालची सांगड प्रत्यक्षही दिसली आहे. पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावर आहे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिने एक्स ६.३ वर्गाची ज्वाला टिपली. खालच्या थरांत तेजस्वी ठिपके उजळले, त्याच सुमारास वर किरीटातील वायूचे तापमान वाढले.

हैदराबादला संज्ञांचा विचार नवा नाही. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये येथे स्थापन झालेल्या दारुल तर्जुमाने उर्दूत शास्त्रीय शब्द घडवले. मराठीत शब्द घडवताना व शिकवताना शिक्षकांनी प्रत्येक नव्या नामासोबत त्याची क्रियापदेही फळ्यावर लिहावीत. नाम पाठ होते. प्रक्रिया समजते ती क्रियापदांमुळे.