रांगेबाहेरचे मूल

‘व्यवसायोपचार’ या शब्दाने आम्ही प्रथम फसलो. मुलांना धंदा शिकविणे, असेच वाटले. वस्तुतः मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, गुंड्या लावणे, जेवणे, लिहिणे; आणि तो साधावा म्हणून हा उपचार. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, स्पर्श, कानातील तोलेंद्रिय व स्नायू-सांधे यांचे संदेश मेंदूत नीट जुळले नाहीत, तर शिकण्यातही अडथळा येतो. म्हणून झोका, चढणे, ढकलणे ही तेथे निव्वळ करमणूक नसते. आपल्याकडे या विद्येचे शिक्षण कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. इतिहास शिकवूनही आम्हास हे अलीकडेच कळले.

वसतिगृहातील एक मुलगा घंटा होताच कान झाकून पळे. आम्ही त्यास वर्षभर उद्धट समजलो, शिक्षा म्हणून रांगेबाहेर उभे केले. रांगेबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या समाजास का कुणी सांगावे? आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने घंटेपूर्वी त्यास सूचना मिळते. जड वळकट्या वाहण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले आहे. कान तो अजूनही झाकतो, पण रांगेत उभा राहून.