विक्रीपूर्वी घराची दुरुस्ती : खर्च कोठे करावा, कोठे करू नये

घर विकावयाचे ठरले की बहुतेक मालक प्रथम रंगाऱ्याला बोलावतात. ही रीत स्वाभाविक असली तरी तिच्यात एक चूक दडलेली आहे. रंग हे घराचे अखेरचे काम आहे, पहिले नव्हे. घर विकत घेणारा मनुष्य बहुधा आपल्या आयुष्यभराची बचत त्यात घालीत असतो, आणि पुष्कळदा तेवढेच कर्जही डोक्यावर घेत असतो. घर पाहताना त्याच्या मनात एक प्रश्न सतत घोळत असतो : या वास्तूवर मला पुढे आणखी काय खर्च करावा लागेल? भिंतीवर ओलीचा एक डाग दिसला की दुरुस्तीला खरोखर जेवढे लागतील त्याहून अधिक पैसे तो मनातल्या मनात किमतीतून वजा करतो. कारण त्या डागामागे किती बिघाड आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून विक्रीपूर्वी करावयाच्या प्रत्येक खर्चाला एकच कसोटी लावावी. या खर्चाने खरेदीदाराची एखादी रास्त शंका दूर होते काय? होत असेल तर तो खर्च करावा. होत नसेल तर तो बहुधा वाया जातो.

पाण्याचा बंदोबस्त

आपल्या देशात घराचा सर्वांत मोठा शत्रू पाणी होय. ते तीन वाटांनी घरात शिरते : वरून छपरातून, खालून जमिनीतून आणि आतून नळांतून. तेव्हा पहिली पाहणी छपराची करावी. कोकण, कर्नाटकाची किनारपट्टी व केरळ या भागांत मंगलोरी कौलांची छपरे सर्वत्र आढळतात. या कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूर येथे निघाला. अशा छपराची फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात आणि वासे व रिपा टोचून पाहून वाळवी लागली आहे काय याचा शोध घ्यावा. तामिळनाडूतील जुन्या घरांत सागवानी तुळयांवर उभ्या विटा व चुना घालून केलेली गच्ची असते; तेथे तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथेच ओल व कीड प्रथम पोचते. काँक्रीटच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल, तर त्याच्या भेगा आणि कठड्याजवळचा सांधा तपासावा. पाणी वाहून नेणाऱ्या नळाचे तोंड तुंबले असल्यास ते मोकळे करणे हा अत्यंत स्वस्त व अत्यंत फलदायी उपाय आहे.

ओल कोठून येते हे कळल्यावाचून दुरुस्तीला हात घालू नये. यासाठी एक साधी परीक्षा आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद डागावर चारही कडांनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर साचत आहे. पहिल्या बाबतीत पाण्याची वाट शोधून ती बंद करावी लागते. दुसऱ्या बाबतीत बहुधा खोलीत हवा खेळती ठेवणे पुरेसे होते.

जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीच्या तळाशी साधारण एक मीटर उंचीपर्यंत दिसते आणि पाणी सुकताना पांढरे क्षार मागे ठेवते. अशा भिंतीवर तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिला तर पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. काही महिन्यांतच रंगाला फुगे येतात व त्यासह गिलावाही सुटतो. जुन्या विटा व चुन्याच्या भिंतींना चुन्याची सफेदी अधिक मानवते, कारण तिच्यातून बाष्प बाहेर पडू शकते.

सळया, वीज आणि न्हाणीघर

काँक्रीटच्या घरात सज्जे व छताची खालची बाजू निरखून पाहावी. लोखंड गंजले की त्याचा आकार वाढतो आणि सळईवरचे काँक्रीट तडकून गळू लागते. समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडते. अशा जागी वरून सिमेंटचा हात फिरवणे म्हणजे रोग्याच्या जखमेवर नुसती पट्टी बांधणे होय. सैल काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक लेप देऊन मगच तो भाग भरावा. बिघाड मोठा असेल तर स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. खरेदीदाराला दाखविण्यास त्याचा उपयोग होतो.

विजेच्या कामात अर्थिंग तपासणे, उघड्या व जुन्या तारा बदलणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ‘आर. सी. सी. बी.’ हे उपकरण बसविणे एवढे तरी करावे. न्हाणीघरात फरशी बदलण्याची गरज क्वचितच असते. फरश्यांचे सांधे नव्याने भरणे, ठिबकणारे नळ दुरुस्त करणे, मोरीचा उतार जाळीकडे करणे आणि पाण्याची टाकी धुणे पुरेसे आहे.

काय करू नये

संगमरवरी फरशी, नक्षीदार छत, भारी किमतीचे स्वयंपाकघर यांवरचा खर्च सहसा पुरतेपणी वसूल होत नाही, कारण आवडी निरनिराळ्या असतात. खरेदीदार कित्येकदा हीच कामे उखडून आपल्या मनाप्रमाणे करून घेतो. खोली मोठी दिसावी म्हणून भार वाहणारी भिंत पाडणे तर धोक्याचे आहे. परवानगीवाचून सज्जा बंद करणे किंवा गच्चीवर खोली चढविणे यांनीही किंमत वाढण्याऐवजी व्यवहार अडतो. कर्ज देणारी बँक मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ पाहते. मंजूर नकाशा, कराच्या पावत्या व मालकीची कागदपत्रे जुळवून ठेवणे हीदेखील घराची दुरुस्तीच समजावी.

दोष झाकावा की सांगावा?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ ने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. उलट करार नसेल तर, जो मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, परंतु खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला आढळण्यासारखा नाही, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. असा दोष न सांगणे त्या कलमाने कपट मानले आहे. समजा, एकाच गल्लीत दोन सारखी घरे विकावयाची आहेत. एकाने गळक्या छताखाली चकचकीत रंग दिला. दुसऱ्याने तेवढ्याच पैशांत गच्ची दुरुस्त केली, खोल्यांना साधी सफेदी दिली आणि कोठे काय केले याच्या पावत्या पुढे ठेवल्या. पहिल्या घरातील रंग एका पावसाळ्याचा सोबती आहे. त्यानंतर ज्या कुटुंबाने आपली सारी पुंजी तेथे घातली ते छताखाली बादल्या मांडून बसेल, आणि विक्रेत्यामागे तक्रारीचा ससेमिरा लागेल. दुसऱ्या घराची किंमत मात्र दिवसाढवळ्या तपासून घेता येते.

कामाचा काळ व क्रम

बहुतेक प्रदेशांत गच्ची व छपराचे काम नैर्ऋत्य मोसमी पावसापूर्वी उरकावे. हा पाऊस केरळात साधारणपणे १ जूनच्या सुमारास पोचतो. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा मुख्य पावसाळा असल्याने तेथे सप्टेंबरपूर्वी काम संपवावे. नव्या सिमेंटकामावर निदान सात दिवस पाणी मारावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. प्रत्येक कामाची पावती जपून ठेवावी; घरात भर घालणारे भांडवली स्वरूपाचे काम असेल तर विक्रीवरील भांडवली नफ्याचा कर ठरविताना तो खर्च हिशेबात धरता येतो. किरकोळ डागडुजीला व रंगाला ही सवलत सहसा मिळत नाही.

सारांश, आधी पाणी, मग सळया व वीज, मग न्हाणीघर, मग स्वच्छता आणि सर्वांत शेवटी रंग हा क्रम राखावा. पैसे अपुरे पडले तर शेवटची कामे सोडावीत, पहिली नव्हे. रंग न दिलेली कोरडी भिंत खरेदीदार आनंदाने पत्करतो. रंगविलेली ओली भिंत त्याच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार कोणालाही नाही.