आठवीनंतरचा जून

मूल आठवी पास झालं की घरात पेढे येतात, आणि त्याच आठवड्यात आईबाबांचा हिशेब सुरू होतो. तोपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत बरंच काही निभावून गेलेलं असतं. पुस्तकं शाळेतून मिळतात, दुपारची खिचडी शाळेत होते. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सांभाळतो. म्हणजे पहिली ते आठवी.

नववीला चित्र पालटतं. पुस्तकं विकत, गाईड विकत, डबा घरचा. गावात शाळा आठवीपर्यंतच असेल तर एसटीचं भाडं वेगळं. याच कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांमधून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची तर नववीपासून फीसुद्धा भरावी लागते. आठ वर्षं ज्या वर्गात बसला, त्याच वर्गातल्या मित्रांबरोबर पुढे जायला आता किती हजार लागणार, हे आईबाबा रात्री हळू आवाजात बोलतात. मूल पलीकडे झोपलेलं असतं. झोपलंय असं आपल्याला वाटत असतं.

आणि नेमक्या याच वयात मूल हाताशी येतं. मुलगा गॅरेजवर किंवा मंडपवाल्याकडे जाऊ शकतो, मुलगी घर सांभाळू शकते. खर्च वाढतो तेव्हाच कमावणारे हातही दिसायला लागतात. म्हणून शाळा सुटण्याची भीती मला सगळ्यात जास्त याच वळणावर वाटते.

आपल्यापैकी कुणीच मुलाची शाळा ठरवून बंद करत नाही. आपण म्हणतो, "चार दिवस राहा घरी, मामा आजारी आहेत." "एवढी लगीनसराई होऊ दे, मग जा." धाकट्याला ताप आला की आईचा खाडा परवडत नाही, म्हणून थोरलीचा खाडा होतो. तेही साहजिकच असतं, कारण आईचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि थोरलीचा खाडा म्हणजे, वरवर पाहता, काहीच गेलं नाही.

पण वर्गात या चार दिवसांत बीजगणिताचा अख्खा धडा होऊन जातो. मुलगी परत येते तेव्हा फळ्यावरचं तिला काही कळत नाही. विचारायची लाज वाटते. पुढच्या वेळी घरी राहा म्हटलं की ती पटकन राहते, कारण आता शाळेत तिला नकोसं वाटायला लागलेलं असतं. मग आपणच शेजारणीला सांगतो, "तिलाच शाळेची आवड नाही हो." आवड आधी गेली की शाळा आधी सुटली, हे एकदा शांतपणे आठवून पाहावं.

हातावर पोट असलेल्या घरातली मुलं फार लवकर समजूतदार होतात. शाळेतून सहलीची चिठ्ठी येते. ती दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली सापडते. विचारलं तर उत्तर तयार असतं, "मला नाही जायचं, मला बस लागते." त्या पोराला कधीच बस लागत नसते. आपल्या खिशाचा अंदाज घेऊन त्यानं स्वतःच निकाल लावलेला असतो. मागच्या वर्षीच्या वह्यांमधली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून केलेली वही मी पाहिली आहे. किती नीट शिवलेली होती! वरच्या पानावर स्केचपेननं विषयाचं नाव, खाली दोन रेघा. त्या मुलीला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

अशा मुलापुढे आपण एक वाक्य सहज बोलून जातो. "पोटाला चिमटा काढून शिकवतोय तुला." खरंच असतं ते. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात, घरभाडं थकलेलं असतं आणि समोर मूल मोबाइल घेऊन बसलेलं असतं, तेव्हा ते तोंडातून निघतंच. पण मूल ते कसं ऐकतं? आपण अभ्यासाबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं. मुलाला ऐकू येतं की मी नसतो तर यांना इतकं सोसावं लागलं नसतं. मग चाचणीत कमी मार्क मिळाले की ते उत्तरपत्रिका लपवतं. आणि एक दिवस येऊन सांगतं, "मी कामाला जातो, तुम्हाला तेवढीच मदत." तेव्हा आपले डोळे भरून येतात, पोरगं किती गुणी म्हणून. ते गुणी आहेच. पण शाळा सोडायचा विचार त्याच्या मनात कुठून आला, तेही बघायला हवं.

पैशाची अडचण मुलांपासून लपवावी असं माझं म्हणणं नाही. ती लपतही नाही. फक्त सांगताना वाक्याचा शेवट वेगळा करता येतो. "या महिन्यात ओढाताण आहे, सहल जमणार नाही. वह्यांचे पैसे मात्र बाजूला ठेवलेत." एवढं पुरतं. शाळेचा प्रश्न या घरात रोज नव्याने निघणार नाही, याची मुलाला खात्री वाटली की त्याचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

आमच्या सातारा भागात जुनी माणसं अजून कर्मवीरअण्णांचं नाव काढतात. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. खेड्यातल्या मुलांना डोकं नव्हतं असं थोडंच होतं? त्यांना रात्री निजायला जागा आणि दोन वेळचं जेवण नव्हतं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंक्तीत जेवायची आणि आपापलं काम स्वतः करायची. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सातारा भागात हे घराघरात सांगितलं जातं. मला दर वेळी ते ऐकताना वाटतं, की त्या बाईंनी नेमकी अडचण ओळखली होती. मुलांची भाकरी थांबली असती तर शिक्षणही तिथेच थांबलं असतं.

माझे सासरे अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. त्यांचे वडील अंगठा उठवायचे. सासरे मास्तर झाले, माझे पती डिप्लोमा करून कारखान्यात लागले, आणि आज माझ्या लेकीची फी भरताना आम्हाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. याला तीन पिढ्या लागल्या. शिक्षणानं गरिबी हटते ती अशी, सावकाश. मधली एक पिढी जरी शाळेबाहेर राहिली असती तरी सगळं पुन्हा मुळापासून सुरू करावं लागलं असतं.

"शिकून तरी काय दिवे लागतात? पदवी घेऊन पोरं घरी बसलीत," असं हल्ली फार ऐकू येतं. हे बोलणाऱ्या बापाला मी नावं ठेवणार नाही. पदवीधर पोरं घरी बसलेली आहेतच, आणि नोकऱ्या कमी आहेत हेही खरं. पण दहावीचा कागद नसेल तर काय होतं, तेही पाहा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं तर दहावी लागते. पोलीस भरतीत शिपाई व्हायचं तर बारावी लागते. अंगणवाडी सेविकेच्या जागेलाही आता बारावी पास बाई लागते. शिवाय कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचता येणं, सातबारावर कुणाचं नाव चढलंय ते समजणं, यात घरं वाचतात. नोकरी मिळेलच असा शब्द कुणी देऊ शकत नाही. पण पंधराव्या वर्षी गॅरेजवर गेलेल्या मुलाला पंचविसाव्या वर्षी दुसरं काही करावंसं वाटलं, तर त्याच्यापाशी काय असेल?

आता थोडं कामाचं बोलू. यातलं पुष्कळ आपल्याला वेळेवर कळतच नाही, कारण शाळेच्या पालकसभेला जायला दुपारची सुट्टी मिळत नाही.

आठवीत असतानाच एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. आठवीनंतर मुलांची शाळा सुटू नये म्हणूनच केंद्र सरकारनं ही शिष्यवृत्ती काढली आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं, आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळेत असावं लागतं. पंचवीस टक्क्यांतून विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलांना मात्र ती मिळत नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज पडते त्यातलीच ही मुलं, याचं मला फार वाईट वाटतं.

खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पुढे २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. "बारावीनंतर हिला कुठून शिकवणार," म्हणून दहावीलाच हात आखडता घेणाऱ्या घरांपर्यंत ही गोष्ट जायला हवी.

आणि शाळा सुटलीच असेल तर? तर १७ नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. लग्न झालेल्या, लेकरू कडेवर असलेल्या बायाही बसतात आणि पास होतात. मुलाचं एक वर्ष गेलं म्हणून त्याच्यावरची आशा सोडायची गरज नसते.

या सगळ्याला कागद लागतात, आणि कागदांवरच आपलं घोडं अडतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं खातं. जूनमध्ये सेतू केंद्रावर ही गर्दी. एका दाखल्यासाठी तीन खाडे पडले की माणूस म्हणतं, जाऊ दे ती शिष्यवृत्ती. म्हणून एप्रिल-मेमध्येच एक दिवस काढून दाखले करून ठेवावेत आणि सगळे एका पिशवीत घालून कपाटात ठेवावेत. मुलाला सोबत न्यावं. चौदा वर्षांच्या मुलाला अर्ज भरता येतो, आणि आपल्यासाठी आई रांगेत उभी आहे हे त्याला न बोलता दिसतं.

तुमची परिस्थिती आज बरी असेल, तरी तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचं, सोसायटीच्या वॉचमनदादांचं मूल कितवीत आहे ते विचारा. जुने कपडे आपण देतोच. त्यापेक्षा त्यांचा ऑनलाइन अर्ज भरून दिलात, नाहीतर दाखल्यासाठी एक दिवस भरपगारी सुट्टी दिलीत, तर जास्त उपयोग होईल.

आणि ज्यांच्या घरी यंदा आठवीचं मूल आहे, त्यांना एवढीच विनंती. एनएमएमएसचा अर्ज शाळेतूनच भरला जातो आणि परीक्षा साधारण डिसेंबरात असते. दिवाळीची वाट पाहू नका. शाळा सुरू झाल्याझाल्या वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलाचं नाव यादीत घालायला सांगा.