पेव, वाटी आणि तळघर

गेल्या शनिवारी वर्गात ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आला. अर्थ बऱ्याच मुलांनी सांगितला, पण पेव म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरला अशा पेवांत हळद साठवत. तिथली मातीच अशी, की आत ओल येत नसे. २००५ साली कृष्णेला महापूर आला आणि पेवांत पाणी शिरले.

आपल्या ऑकलंडला २७ जानेवारी २०२३ रोजी तेच झाले. विमानतळावर एका दिवसात २४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तळघरे भरली, चार माणसे दगावली. आम्ही तेव्हा उतारावरच्या आमच्या घराखाली मुलांसाठी खोली काढायच्या बेतात होतो. नकाशा बाजूला ठेवला आणि आधी हिशेब केला.

मुलांनो, रिकामी वाटी बादलीतल्या पाण्यात दाबून पाहा. ती हाताला वर ढकलते. तळघर ही अशीच वाटी. जमिनीतले पाणी त्याच्या तळापेक्षा एक मीटर वर चढले, तर दर चौरस मीटरला १,००० किलोचा जोर खालून लागतो. १५ सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वजन तेवढ्या जागेत जेमतेम ३६० किलो! म्हणून माती तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि पाण्याची पातळी हिवाळ्यात मोजावी. उन्हाळ्यातला कोरडा खड्डा फसवतो.

भिंतीला जलरोधक थर बाहेरून, म्हणजे मातीच्या बाजूने हवा. त्यामागे खडी, तळाशी भोकांचा पाइप, आणि पाइपचे तोंड उतारावर मोकळे. नुसत्या पंपावर भिस्त नको. वादळात वीजच जाते. आम्ही संगणकवाले चूक राहिली तर सुधारून प्रोग्राम पुन्हा चालवतो. इथे एकदा माती लोटली की काही दिसत नाही, म्हणून त्याआधीच तपासणी करून घ्यावी. आणि आधार न दिलेल्या खोल चरात कुणीही, अगदी चेंडू काढायलाही, उतरू नये.

आता एक गणित. ८० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर ५० सेंटिमीटर पाणी साचले आहे. दारावर जोर किती? सरासरी दाब दर चौरस मीटरला २५० किलो, भिजलेला भाग ०.४ चौरस मीटर. उत्तर १०० किलो. बाहेर ढकलायचे असे दार मुलाला उघडेल का?

आम्ही आतून वर जाणारा जिना केला. मुलांची झोपायची खोली मात्र वरच ठेवली. खाली टेबल टेनिसचे टेबल आहे.