माल आहे, पण ठेवायचा कुठे? शहरातील गोदामाच्या जागेचा हिशोब

व्यापारी आणि कारागीर बांधवांना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या दुकानात एक तागा महिनाभर पडून राहिला तर त्याचे जागाभाडे किती पडते? कापडाचा भाव, दलाली, हमाली, उधारीचे व्याज हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. जागेचे भाडे मात्र आपण महिन्याच्या खर्चात एकदाच लिहितो आणि विसरून जातो. दाट वस्तीच्या शहरात हीच चूक लहान व्यापाऱ्याला महागात पडते.

मागणी कोठून येते?

जागेची मागणी वर्षभर सारखी नसते. कापडाच्या धंद्यात रमजान ईद, दिवाळी आणि लग्नसराई हे तीन हंगाम. त्यापूर्वी दीड-दोन महिने माल भरावा लागतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजानचा हंगाम दरवर्षी अलीकडे सरकतो. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी रमजान ईद आणि दिवाळी जवळजवळ एकाच आठवड्यात आल्या. दोन्ही सणांचा माल एकाच वेळी आला आणि बाजारात पोटमाळासुद्धा रिकामा मिळेना. २०२५ मध्ये ईद मार्चअखेरीस आणि दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली. म्हणजे आज तीच जागा वर्षातून दोनदा कामाला येते. हे चक्र सुमारे ३३ वर्षांनी फिरून येते. म्हणून जागा किती घ्यायची हे ठरवताना दिनदर्शिका समोर ठेवावी.

दुसरी मागणी घरांची. मुंबईत घरे लहान, त्यात कारागिराचे घर हाच त्याचा कारखाना. शिलाईचे तुकडे, जरीचे सामान, तयार कपड्यांचे गठ्ठे सगळे एकाच खोलीत. मुलांना झोपायला जागा नाही आणि मालाला हवा नाही, अशी स्थिती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

पुरवठा का वाढत नाही?

मागणी वाढली की भाव चढतो आणि भाव चढला की पुरवठा वाढतो, असा बाजाराचा नियम. कापड कमी पडले तर जादा माग चालवता येतो. जमीन मात्र मागावर विणता येत नाही. शिवाय एका चौरस फुटावर गोदामापेक्षा दुकान, कचेरी किंवा फ्लॅट जास्त पैसे देतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले, गोदामे नव्हेत. धान्य, कांदा-बटाटा, फळे-भाजी यांचे घाऊक बाजारही मुंबईतून नवी मुंबईत गेले.

तिसरे कारण जुन्या भाडे कायद्याचे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. ज्याच्याकडे पागडीची जागा आहे तो ती सोडत नाही, कारण तिचे भाडे नाममात्र असते. अर्धी जागा जुन्या फर्निचरने भरलेली असली तरी कुलूप तसेच. अशा रीतीने जागा असूनही ती बाजारात येत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि दरसाल ४ टक्के भाडेवाढीची सोय केली, पण जुन्या आणि नव्या भाड्यातील दरी बुजली नाही.

मग माल गेला कुठे? भिवंडीला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल आणला की जकात द्यावी लागे. म्हणून हद्दीबाहेर, नाशिक महामार्गालगतच्या काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तरीही भिवंडी ओस पडली नाही, कारण स्वस्त जागा हे कारण कायम राहिले.

लहान व्यापाऱ्याची अडचण

भिवंडीतील गाळे हजारो चौरस फुटांचे. आपल्याला हवेत शंभर-दोनशे. मागणी किरकोळ आणि पुरवठा घाऊक, असा हा पेच आहे. परदेशातील दाट शहरांत ही फट भरण्यासाठी लहान खोल्या महिन्याच्या भाड्याने देण्याचा धंदा वाढला. स्वतःचे कुलूप, स्वतःची किल्ली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत अशा सोयी निघाल्या आहेत. त्या घ्यायच्या की नाही, हे पुढील हिशोबावरून ठरवावे.

समजा, बाजारातील १०० चौरस फुटांची खोली दरमहा १०० रुपये फुटाने मिळते आणि तिच्यात ५०० तागे मावतात. भाडे १०,००० रुपये, म्हणजे ताग्यामागे महिन्याला २० रुपये. ताग्यावर नफा १०० रुपये असेल तर पाच महिने पडून राहिलेला तागा स्वतःचा सगळा नफा खाऊन बसतो. तीच जागा शहराबाहेर २० रुपये फुटाने मिळाली तर भाडे २,००० होते आणि ८,००० वाचतात. पण टेम्पो व हमालीसह एका खेपेला २,००० रुपये लागत असतील, तर महिन्याला तीन खेपांपर्यंतच फायदा. चौथ्या खेपेला बरोबरी, पाचवीला तोटा. यावरून नियम असा निघतो: रोज विकला जाणारा माल बाजारात ठेवावा, हंगामाचा माल बाहेर ठेवावा आणि न खपणारा माल कमी भावात का होईना, विकून टाकावा.

आमचा धडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचा दिवाळीचा माल तेव्हा उपनगरातील तळमजल्यावरच्या एका गोदामात होता. कमरेइतके पाणी शिरले. विमा होता, पण पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता लिहिलेला होता. भरपाईचा एक रुपया आला नाही. चूक आमचीच होती. ते कर्ज फेडायला आम्हाला चार वर्षे लागली.

आगीचे भयही कमी नाही. हाँगकाँगमध्ये जून २०१६ मध्ये एका जुन्या औद्योगिक इमारतीतील लहान साठवण-खोल्यांना आग लागली. ती चार दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि अग्निशमन दलाच्या दोन जवानांचे प्राण गेले. दाटीवाटीच्या बंद खोल्यांत पाणी पोहोचवणे किती कठीण असते, हे त्यातून दिसले. कापड तर जळणाराच माल.

म्हणून जागा घेण्यापूर्वी एवढे पाहावे:

१. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. तोंडी शब्दावर माल ठेवू नये.

२. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक गाळा घेणे हा चांगला मार्ग आहे, पण पोटभाड्यास मालकाची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येकाची जागा आखून घ्यावी.

३. जीएसटी नोंदणीत गोदामाचा पत्ता धंद्याची जादा जागा म्हणून दाखवावा.

४. विम्याच्या पॉलिसीवर प्रत्येक गोदामाचा पत्ता असावा.

५. तळमजल्यावर माल फळ्यांवर, जमिनीपासून उंच ठेवावा. विजेच्या तारा आणि बाहेर पडण्याची वाट स्वतः तपासावी.

ही मोजणी एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखी आहे. कागद-पेन्सिल घेऊन गोदामात उभे राहावे आणि सहा महिने न हललेले तागे मोजावेत. आम्ही पहिल्यांदा मोजले तेव्हा आमची एक-तृतीयांश जागा अशाच मालाने अडवलेली निघाली. नवी जागा शोधण्याआधी ती मोकळी केली आणि पुढची दोन वर्षे आम्हाला दुसरे गोदाम घ्यावे लागले नाही.